जुन्या विटांच्या भिंतीला संरक्षक लेप: आधी भिंत वाळवा, मग डबा उघडा

जुन्या विटांचे पोपडे सुटायला लागले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, "वरून काहीतरी मारून टाकू." बहुतेक भिंती बिघडतात त्या इथेच. लेप ही वाईट गोष्ट नाही, चुकतो तो क्रम. ओल कुठून येते ते शोधायच्या आधी, दर्जा (विटांमधले मालाने भरलेले सांधे) दुरुस्त करायच्या आधी, भिंत वाळायच्या आधी डबा उघडला जातो.

चार वर्षांपूर्वी पारदर्शक, चकचकीत लेप मारलेली एक भिंत मी पाहिली होती. लांबून विटा नुकत्याच धुतल्यासारख्या तजेलदार दिसत होत्या. जवळ जाऊन बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज आला. नखाने कडा उचलली, तर विटेचा पुढचा पापुद्रा लेपासकट अख्खा हातात आला, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. त्याच्या मागे पिठासारखा पांढरा लोणा आणि त्याखाली लाल भुगा. लेप शाबूत होता, वीट गेली होती.

असं का होतं ते एकदा समजलं की पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही. पाणी भिंतीत शिरतं ते पाणी म्हणून आणि बाहेर पडतं ते मुख्यतः वाफ होऊन. वाटेत ते विटेतले, चुन्यातले, मातीतले क्षार विरघळवून सोबत आणतं. जिथे पाणी उडून जातं तिथे क्षारांचे खडे बनतात. पृष्ठभागावर बनले तर नुसता लोणा दिसतो, तो झाडता येतो. पृष्ठभागावरची वाट बुजवली तर हेच खडे आत, पापुद्र्याच्या मागे बनतात आणि विटेच्या बारीक छिद्रांना आतून फोडतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी धरून पुन्हा स्फटिक होतो तेव्हा कोरड्या रूपाच्या तिपटीहून जास्त जागा घेतो. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे अडकलेलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं, ते आणखी वेगळं.

म्हणून कोणताही लेप हातात घेतला की पहिला प्रश्न "हा पाणी किती अडवतो" असा नको. आत असलेलं पाणी हा बाहेर जाऊ देतो का, ते आधी विचारा.

भिंत संरक्षित वास्तूचा भाग असेल तर खालच्या चाचण्यांना हात लावण्याआधीच संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. नळी चिकटवणं आणि भोक पाडणं हासुद्धा हस्तक्षेपच आहे.

## टप्पा १ : पाणी कुठून येतं ते शोधा

हे काम भर पावसात करा. छत्री घ्या आणि भिंतीभोवती दोन फेऱ्या मारा, एक पाऊस चालू असताना आणि दुसरी पाऊस थांबल्यावर तासाभराने. पहिल्या फेरीत पाणी कुठून पडतं ते दिसतं, दुसरीत ते कुठे मुरून राहिलं ते.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: तुंबलेली किंवा सांध्यात फुटलेली पन्हळ, भिंतीच्या माथ्यावरची उघडी पडलेली शेवटची रांग, खिडकीखालच्या दगडाची झिजून गेलेली पाणपट्टी (पाणी भिंतीपासून दूर टपकवणारी कड), फरशीवरून उडणारे शिंतोडे, आणि वर्षानुवर्षं भर पडत जाऊन जोत्याच्या वर आलेली बाहेरची जमीन. शेवटची गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते, कारण जमीन वर आलेली रोज बघणाऱ्याला कळत नाही.

ओलीचा आकारही बोलतो. खालून वर पातळ होत जाणारा पट्टा असेल तर ती जमिनीतली ओल. मधेच गोल डाग असेल तर नळ किंवा पन्हळ. पावसाच्या माऱ्याच्या बाजूलाच सगळी भिंत गडद होत असेल तर लेपाचा विचार करण्यात अर्थ आहे, तोही तेव्हाच.

थांबा: जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर बाहेरून लेप हा उपाय नाही. खालचा भाग बंद केला की पाणी वर सरकतं आणि कोरड्या असलेल्या विटा भिजायला लागतात.

पन्हळ, माथा, जमिनीचा उतार ही कामं आधी उरका. बऱ्याच भिंतींना यानंतर लेप लागतच नाही.

## टप्पा २ : भिंतीची परीक्षा

पाणी किती पिते. यासाठी मोजखुणा असलेली छोटी काचनळी मिळते, तिला कार्स्टन नळी म्हणतात. तिचं रुंद तोंड पुटीने भिंतीवर घट्ट बसवायचं, पाणी भरायचं आणि ५, १० आणि १५ मिनिटांनी पातळी किती उतरली ते लिहायचं. विटेवर वेगळी आणि दर्जेवर वेगळी चाचणी घ्या. वीट जेमतेम पिते आणि दर्जा गटागटा पितो, असं निघालं तर काम दर्जांचं आहे, लेपाचं नाही. चांगल्या-वाईट जागा धरून किमान आठ-दहा ठिकाणी मोजा आणि भिंतीच्या रेखाचित्रावर आकडे टाका. हेच आकडे पुढे दोनदा उपयोगी पडणार आहेत.

आत किती ओल आहे. दोन टोकं टेकवून आकडा दाखवणारं यंत्र क्षार असलेल्या भिंतीवर फसवतं. क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतही ओली दाखवली जाते. खात्रीचा मार्ग जुनाच: दर्जेत मंद गतीने भोक पाडून वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढा, लगेच झाकणबंद बाटलीत भरा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. गती मंदच ठेवा. ड्रिल तापलं तर भुकटी तिथेच वाळते आणि आकडा खोटा येतो.

क्षार कोणते. झाडलेला लोणा थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून चाचणीपट्ट्या बुडवा. सल्फेट, क्लोराइड आणि नायट्रेट यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या मिळतात.

विटेचा पृष्ठभाग किती धरून आहे. चिकटपट्टी लावून ओढा. पट्टीवर लाल भुकटीचा थर आला तर वीट भुगा होते आहे. तिला पाणी झटकणारा लेप नको, आधी मजबुती हवी. ते टप्पा ६ मध्ये येईल.

आधी काही मारलेलं आहे का. ड्रॉपरने पाण्याचा थेंब ठेवा. उघड्या जुन्या विटेत तो लवकर मुरतो. मोत्यासारखा बसून राहिला तर काहीतरी आहे. कापसाच्या बोळ्याने अॅसिटोन लावल्यावर पृष्ठभाग चिकट झाला तर तो बहुधा अॅक्रिलिकचा थर आहे. असा थर काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## टप्पा ३ : दर्जा

जुन्या भिंतीत दर्जा हा मुद्दाम मऊ ठेवलेला भाग असतो. ओल त्यातून उडते, ताण तो सोसतो, झिजतो तोही तोच. त्यात सिमेंट भरलं की दर्जा विटेपेक्षा कठीण होतो आणि झिजण्याची पाळी विटेवर येते. दर्जा पुढे आलेल्या आणि विटा मागे खचलेल्या दिसल्या तर समजावं, सिमेंट आहे.

सिमेंट काढताना फिरती चक्री वापरू नका. एक सेकंद हात हलला की विटेची कड कायमची गेली. अरुंद छिन्नी आणि हलकी हातोडी घ्या. सिमेंट इतकं घट्ट असेल की विटेची कडा सोबत निघते आहे, तर तिथे ते सोडून द्या. सगळंच काढलं पाहिजे असा हट्ट विटेला महाग पडतो.

खोली दर्जेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट ठेवा. सांधा झाडा, ओला करा, साचलेलं पाणी उतरू द्या आणि चुन्याचा माल थरांनी दाबून भरा. माल विटेच्या चेहऱ्यावर पसरू देऊ नका. चुना सावकाश कठीण होतो, म्हणून भरलेला भाग काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा.

हे काम लेपाच्या आधीच व्हायला हवं, याचं एक ठोस कारण आहे. पाणी झटकणारा लेप एकदा विटेत शिरला की पाण्यात कालवलेला चुन्याचा माल त्या विटेला नीट धरत नाही. चुन्याचा हातही बसत नाही. पुढच्या दुरुस्तीचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलेला असतो.

## टप्पा ४ : साफसफाई, कोरडीकडून ओलीकडे

पहिलं काम कोरडं. लोणा मऊ ब्रशने झाडा, खाली प्लास्टिक पसरून तो गोळा करा आणि जागेवरून हलवा. लोणा पाण्याने धुणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. धुतल्यावर भिंत दोन दिवस स्वच्छ दिसते, कारण क्षार विरघळून परत आत गेलेले असतात.

क्षार फारच असतील तर लगदा लावा. कागदाचा लगदा आणि केओलिन माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून एक-दीड सेंटिमीटरचा थर भिंतीवर दाबायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. वाळताना तो भिंतीतलं खारट पाणी ओढून घेतो. आक्रसून सुटायला लागला की काढायचा.

तपासा: काढलेल्या लगद्याचा ठरावीक वजनाचा तुकडा ठरावीक ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. दर फेरीला आकडा उतरत गेला पाहिजे. उतरायचा थांबला की लगद्याचं काम संपलं.

शेवाळ असेल तर क्वाटर्नरी अमोनियम वर्गातलं द्रावण लावा, काही दिवसांनी शेवाळ तपकिरी होऊन मेलं की मऊ ब्रशने काढा. घरगुती ब्लीच वापरू नका, त्यातलं सोडियम भिंतीत क्षार म्हणूनच राहतं. हायड्रोक्लोरिक आम्लही नको: ते चुन्याच्या दर्जा खातं आणि मागे क्लोराइड ठेवतं.

वाळूचा मारा तर कधीच नको. भट्टीत भाजताना विटेवर जी टणक कातडी तयार होते ती आतल्या गाभ्यापेक्षा दाट असते. ती उडाली की वीट पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते, आणि ती परत आणता येत नाही.

## टप्पा ५ : वाळण्याची वाट

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. परांची उभी असते, तिचं भाडं चालू असतं, कारागीर थांबलेले असतात. तरीही थांबा. जाड भिंतीसाठी ढोबळ हिशेब असा धरतात की जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना. साडेचारशे मिलिमीटरची भिंत पन्हळ दुरुस्त झाल्यावर वर्षभरात पूर्ण कोरडी होईलच असं नाही. लेपासाठी गाभ्यापर्यंत हाडासारखी कोरडी भिंत लागत नाही, पण ओलीचा आकडा सतत उतरत असला पाहिजे आणि बाहेरचा थर कोरडा असला पाहिजे.

तपासा: टप्पा २ मधलं वजनाचं मोजमाप त्याच उंचीवर, त्याच खोलीवर महिन्याच्या अंतराने पुन्हा करा. दोनदा उतरता आकडा मिळाला तर पुढे जा. आकडा जागच्या जागी राहिला तर कुठूनतरी पाणी अजून येतं आहे. टप्पा १ कडे परत जा.

## टप्पा ६ : कोणता लेप, की कोणताच नाही

पहिला पर्याय म्हणजे काहीच न लावणं. दुरुस्तीनंतर भिंत वाळत असेल, विटा टणक असतील, नळीतलं पाणी हळू उतरत असेल, तर लेपाने फायदा होणार नाही.

चुन्याचा हात हा माझ्या मते बहुतेक मऊ, झिजलेल्या भिंतींसाठी सगळ्यात सुरक्षित लेप. तो वाफ जाऊ देतो, पावसाचा मारा स्वतःवर घेतो, क्षार त्याच्या थरात येऊन बसतात आणि तो झिजतो तेव्हा वीट वाचते. अडचण एकच, विटेचा रंग झाकला जातो. उघडी वीट हेच त्या भिंतीचं रूप असेल तर हा पर्याय लागू होत नाही.

सिलेन-सिलोक्सेन हे पाणी झटकणारे लेप. ते थर बनवत नाहीत, छिद्रांत शिरून त्यांच्या भिंतींना आतून अस्तर लावतात. छिद्रं उघडी राहतात, म्हणून वाफ जाते, पण पाणी आत ओढलं जात नाही. सिलेनचे रेणू लहान असल्याने ते खोल जातात, सिलोक्सेनचे मोठे, ते पृष्ठभागाजवळ राहतात. हा लेप परत काढता येत नाही. शिवाय तो रुंद भेगा बुजवत नाही, आणि एकदा भेगेतून पाणी आत गेलं की बाहेर यायला त्याला फक्त वाफेची वाट उरते. म्हणून खारट, ओल चढणाऱ्या किंवा भेगाळलेल्या भिंतीवर तो लावू नका.

भुगा होणाऱ्या विटेसाठी इथिल सिलिकेट. हा खरं तर लेप नाही, मजबुतीकरण आहे. विटेत मुरून तो सिलिका मागे ठेवतो आणि सुटे कण बांधतो. तो भुग्याच्या पलीकडे, टणक गाभ्यापर्यंत पोचला पाहिजे. अर्धवट मुरला तर वर कडक पापुद्रा आणि मागे भुसा, म्हणजे माझ्या हातात आलेला तोच प्रकार. लावल्यावर काही आठवडे वीट पाणी झटकते, तेवढ्यात त्यावर चुन्याचं किंवा पाण्याचं काही करू नका. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

हे लावूच नका: अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर, इपॉक्सी, रबरासारखा ताणणारा जलरोधक रंग, जवसाचं तेल, सिमेंटची स्लरी. सोडियम सिलिकेटही नको, ते सुकताना स्वतःच क्षार सोडतं.

डब्याच्या माहितीपत्रकात वाफेच्या अडथळ्याचा आकडा शोधा, तो 'एसडी' म्हणून मीटरमध्ये दिलेला असतो. तो जितका लहान तितकी वाफ सहज जाते. युरोपीय वर्गवारीत ०.१४ मीटरच्या खालचे लेप सगळ्यात मोकळ्या वर्गात येतात. नुसतं "श्वास घेणारा" लिहिलंय आणि आकडा नाही, असा डबा घेऊ नका.

## टप्पा ७ : नमुना

भिंतीवर साधारण एक चौरस मीटरचा नमुना लावा. लोकांच्या नजरेआड, पण पावसाच्या माऱ्यात. आडोशाला लावलेला नमुना काही शिकवत नाही. किमान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा काळ त्यावरून जाऊ द्या. मग नळीची चाचणी पुन्हा करा, रंग उतरला की गडद झाला ते बघा, आणि नमुन्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली का ते जवळून पाहा. ती रेघ म्हणजे वाट अडलेलं पाणी बाजूने निघतं आहे.

वाफेसाठी एक साधी चाचणी आहे. त्याच भिंतीतल्या दोन सुट्या, सारख्या विटा घ्या. एकीच्या फक्त एका चेहऱ्यावर लेप लावून तो पूर्ण मुरू द्या. दोन्ही विटा मागच्या बाजूने पाण्यात ठेवून वजन स्थिर होईपर्यंत भिजवा, मग पुढचा चेहरा सोडून बाकी पाची बाजू प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा. रोज वजन लिहा. लेपाची वीट थोडी सावकाश वाळेल, ते चालतं. बिनलेपाची वाळून गेली आणि लेपाची अजून जड आहे, असं झालं तर तो लेप बाद.

## टप्पा ८ : लावणं

चुन्याचा हात. काही महिने मुरलेला चुन्याचा गोळा घ्या. कळीचा चुना स्वतः विरवणार असाल तर नेहमी चुना पाण्यात सोडा, पाणी चुन्यावर ओतू नका. ते उसळून उकळतं. गॉगल आणि हातमोजे प्रत्येकाला, आणि डोळे धुवायला स्वच्छ पाणी हाताशी. चुना पातळ करून तलम फडक्यातून गाळा, दाटपणा दुधासारखा हवा. भिंत ओलसर करा, पाणी ओघळू लागेल इतकी नाही. मग कुंच्याने पातळ हात द्या.

ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, वीट खालून दिसत राहते. इथे नवखा माणूस घाबरतो आणि दाट थर चोपडतो. तो थर तडकतो आणि पापडासारखा सुटतो. पातळच राहू द्या, वाळताना तो आपोआप पांढरा होतो. दोन हातांमध्ये किमान एक दिवस, असे चार-पाच हात. प्रत्येक हाताआधी भिंत पुन्हा ओलसर करायची. कडक ऊन किंवा वारा असेल तर ओलं गोणपाट टांगा.

तपासा: शेवटचा हात पूर्ण वाळल्यावर तळवा फिरवा. हलकी पांढरी पूड आली तर ठीक. मूठभर पूड आली तर चुना फार लवकर वाळला आहे.

सिलेन-सिलोक्सेन. इथे भिंत कोरडी हवी, नव्या दर्जा पुरत्या सुकलेल्या हव्यात. डब्यावर दिलेल्या तापमानाच्या मर्यादा पाळा. तापलेल्या भिंतीवर द्रावक आत शिरायच्या आधीच उडून जातो. काचा, धातू, झाडं आधी झाका, कारण काचेवर पडलेला सिलोक्सेन पुसून निघत नाही. द्रावकाचा लेप असेल तर सेंद्रिय वाफांचा मुखवटा वापरा आणि जवळपास विस्तव किंवा ठिणगी नको.

कमी दाबाच्या फवाऱ्याने खालून वर जा. भिंत इतकी भिजवा की फवाऱ्याच्या खाली १५ ते २० सेंटिमीटर ओघळ येईल. पृष्ठभाग ओला दिसतोय तोवरच दुसरी फेरी. पहिली सुकल्यावर मारलेली दुसरी आत जात नाही, वर चकाकी धरते. काही मिनिटांनी जिथे द्रव साचलेला दिसेल तिथे फडक्याने टिपून घ्या. काम कोपऱ्यावर, पट्टीवर किंवा खांबापाशीच थांबवा. भिंतीच्या मधोमध थांबलात तर ती सीमारेषा पुढे प्रत्येक पावसात दिसेल.

## टप्पा ९ : नंतरची नोंद

लेपाचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, हवामान, किती लिटर किती चौरस मीटरला लागलं, आणि नळीचे आधीचे-नंतरचे आकडे एका कागदावर लिहून वास्तूच्या फाइलमध्ये ठेवा. वीस वर्षांनी भिंतीला हात लावणाऱ्याला थेंब टाकून अंदाज बांधावा लागू नये.

दरवर्षी पावसाळा संपल्यावर एक फेरी मारा. पाण्याचे मोती दिसेनासे झाले म्हणून लगेच नवा लेप मारू नका. उन्हाने पृष्ठभागावरचं अस्तर जातं, आतलं शिल्लक असतं. नळी लावा, आकडा जुन्या आकड्याशी ताडून बघा. तो लेपाच्या आधीच्या आकड्याकडे सरकला असेल तरच नव्या लेपाचा विचार. आणि लेप लावलेल्या भागात कुठेही पोकळ आवाज, फुगवटा किंवा कडेने पांढरी रेघ दिसली, तर डबा बाजूला ठेवा, त्या जागेची भुकटी काढा, वजन करा आणि भर पावसात पन्हळीखाली जाऊन उभे राहा.